उघड्या डोळ्यांचा फोटो

वालूर, ४ डिसेंबर १९४५

अण्णांना शरणार्थ.

तुमचं पत्र आलं. अव्वाला वाचून दाखवायच्या आधी मी ते पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं माझंच काही चुकतंय. तुम्ही लिहिता, ‘अप्पांचा फोटो पोचला. अखेर बसले म्हणायचे. माझ्यासमोर नाही, तुझ्यासमोर. तेही चालेल. तब्येत उतरलेली वाटते, पण नजर तीच.’

अप्पा वारले आहेत. फोटोच्या आधी पाठवलेल्या पत्रात मी हे लिहिलं होतं. ते पत्र अप्पांचे स्नेही किशनराव यांनी सेलूला, निजामाच्या नव्हे, इंग्रजी टपालात टाकलं. फोटो पुठ्ठ्यात बांधायचा होता म्हणून मागाहून वेगळा पाठवला. पुठ्ठा पोचला आणि पत्र पोचलं नाही, असं होऊ शकतं. तेव्हा पुन्हा लिहिते.

दसऱ्यानंतर ताप आला. झोपून राहायला तयार नव्हते. ‘पडल्यावर उठायला येत न्हाई,’ म्हणाले आणि दुकानाच्या गादीवरच बसून राहिले. गेले ते सकाळी पूजेला बसले असताना. इष्टलिंग डाव्या तळहातावरच होतं. अव्वाला वाटलं, आज पूजा लांबली. तिनं आम्हा सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

मठाचे स्वामी आले. रीतीप्रमाणे न्हाऊ घातलं, भस्म लावलं, मांडी घालून भिंतीशी बसवलं. मान पडू नये म्हणून कपाळावरून उपरणं घेऊन मागच्या खुंटीला बांधलं आणि वरून रुमाल गुंडाळला. मग अव्वा म्हणाली, ‘चन्ने, तुपली मशीन आण.’

मी म्हटलं, अप्पांनी जन्मभर फोटो नको म्हटलं.

‘जल्मभर मनले. आता काई मनायलेत का?’

ते का नको म्हणत, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. फोटोच्या काचेवरचा थर जनावराच्या हाडांच्या सरसाचा असतो, हे तुम्हीच जेवताना त्यांना सांगितलंत. कोणी विचारलंही नव्हतं. त्यांनी ताट सारलं आणि म्हणाले, ‘हाडावर मपलं तोंड उमटायचं न्हाई.’ तुम्ही म्हणालात, मग माझा धंदाच हाडांचा. दुसऱ्या दिवशी गेलात. माझं काम त्यांनी चालू दिलं, कारण पडद्यातल्या बायकांना बाई फोटोवाली लागते हे त्यांना दुकानदार म्हणून पटत होतं. मी अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात जायचं नाही, एवढ्यावर भागलं. माझ्या खोलीत मात्र ते कधी आले नाहीत.

फोटो खिडकीच्या उजेडात घेतला आहे. चित्रात तो डावीकडून येतो. डोळे मिटलेले होते. अव्वाला उघडे पाहिजे होते. तेव्हा प्रिंटवर ब्रशनं मी ते काढले. तुम्ही जिला नजर म्हणता ती शाई आहे.

आता मुख्य. समाधीवर ओटा बांधायचा आहे. आपल्या घरात पहिला दगड थोरल्या मुलाच्या हातचा असतो. आज्जांच्या समाधीवर अप्पांनी ठेवला होता. दगड येलदरीकडून, पूर्णेच्या पात्रातून आणून अंगणात ठेवला आहे. पावसाळ्याआधी काम झालं पाहिजे, नाहीतर माती बसते. अव्वा दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. कधी येता ते कळवा.

चन्नबसम्मा

ता. क. हिवाळ्यातही दुपारी इथलं पाणी इतकं तापतं की धुताना काचेवरचा थर कडेनं सुटून येतो. मुंबईला तुम्ही यावर काय करता?


वालूर, १८ फेब्रुवारी १९४६

अण्णांना शरणार्थ.

तुरटीचा उपाय लागू पडला. थर आता सुटत नाही.

म्हणजे माझं डिसेंबरचं पत्र तुम्हाला मिळालं. थराची गोष्ट त्याच्या शेवटच्या ओळीत होती. अप्पा पहिल्या पानावर होते. शेवटच्या ओळीचं उत्तर तुम्ही पाऊण पान लिहिलंत, तुरटी किती, पाणी किती, बुडवायची कधी. त्याच्या खाली लिहिलंत, ‘अप्पांना सांग, मला दिग्दर्शन मिळालं. त्यांना हसू येईल. येऊ दे.’

मी विचार करून पाहिला. पहिली शक्यता, करोडगिरीच्या जकात नाक्यावर पाकीट फोडून पाहिलं आणि परत घालताना एक पान राहिलं. पण पानं पाठपोट लिहिलेली होती. तुरटीची ओळ ज्या पानावर होती त्याच्याच पाठीवर ओट्याचा मजकूर होता, आणि ओट्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. दुसरी शक्यता, तुमची पत्रं दुसरं कोणी वाचून तुम्हाला तेवढं कामाचं सांगतं. दिग्दर्शकांना असे मदतनीस असतात म्हणतात. तिसरी शक्यता मला लिहावीशी वाटत नाही.

अव्वाला पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. ‘अप्पांना सांग’ इथं मी थांबले. ती म्हणाली, ‘वाच की. थांबलीस कामून?’ वाचून झाल्यावर तिनं तुमच्या तब्येतीचं विचारलं, गळ्यात लिंग आहे का ते विचारलं, आणि मग दिग्दर्शन म्हणजे काय ते विचारलं. कामाला येणारी कडूबाई अंगणात तुरी पाखडत होती, तिचेही कान इकडेच.

‘मंग इतकी वर्सं काय करायलता त्यो?’ अव्वा म्हणाली.

‘फोटो काढत होते. हलते.’

‘अन आता?’

‘आता दुसरा माणूस काढतो. कसा काढायचा, कोणी काय करायचं, ते अण्णा सांगतात.’

कडूबाईनं सूप खाली ठेवलं. ‘म्हंजी हात काळे करायचं सरलं, नुसतं तोंड चालवायचं. बढती झाली मना की!’

अव्वा हसली. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, म्हणून कळवते.

मग मी तिला सगळं ओळीनं सांगितलं. आधी कोल्हापूरच्या कंपनीत दिवसभर उन्हात चंदेरी कागदाची फळी धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडणं. मग मूकपटाच्या कॅमेऱ्याचं हँडल फिरवणं. गती चुकू नये म्हणून तुम्ही मनात आरती म्हणत होतात, हे ऐकून अव्वाला बरं वाटलं. बोलपट आले तेव्हा कॅमेऱ्याला मोटर बसली, तुमचा हात रिकामा झाला आणि तुम्ही खरं बघायला लागलात. मग ढगातून देव काढणं, देव अदृश्य करणं. मग मुंबई. मी आत्याकडे राहून कंपनीच्या रसायनखात्यात शिकत होते तेव्हा तुमच्या निगेटिव्ह मीच धूत असे. तुमच्या उजेडात चूक सापडायची नाही. माणूस ज्या बाजूनं उजळला त्याच बाजूनं पुढच्या तुकड्यातही उजळणार, मधे आठवडा गेला तरी. बाकीचे विसरत. तुम्ही कधीच नाही.

म्हणून मला हे समजत नाही. त्या फोटोत उजेड डावीकडून आहे आणि बुबुळांतला पांढरा ठिपका उजवीकडे. मला तो काढताना दिसला नाही, पाठवल्यावर घरातल्या प्रतीत दिसला. तुम्हाला तो दिसला नसेल हे मी मानू शकत नाही. दिसला, तर ते डोळे खरे नाहीत हे तुम्हाला पाकीट उघडल्याबरोबर कळलं असणार. मग ‘नजर तीच’ कशी?

दगड अंगणात आहे. उन्हाळ्यात या.

चन्नबसम्मा


वालूर, २ मे १९४६

अण्णांना शरणार्थ.

किशनराव कापसाच्या कामानं मुंबईला येणार होते, तेव्हा मीच त्यांना तुमच्याकडे जायला सांगितलं. पत्र हरवतं, माणूस हरवत नाही. समक्ष सांगा, एवढंच काम दिलं होतं. ते काल परत आले. घराच्या ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि स्टुडिओचं वर्णन करत राहिले. एक खोटी भिंत, तिला खरी खिडकी, खिडकीबाहेर खोटं झाड.

मी विचारलं, ‘सांगितलं का?’

‘सांगणारच व्हतो.’

‘म्हणजे नाही.’

‘आगं, ऐक तर. गेलो तर त्यो मला बघून उठला, कडकडून भेटला. अन पैलं वाक्य काय? अप्पा कसे हायत? आसं हासून इचारलं बघ. चार मान्सं भवती. एक बाई तोंडाला रंग लावून उभी. मी काय मनू?’

‘वारले म्हणायचं.’

‘मी मनलं, बरे हायत.’

अव्वा आतून ऐकत होती. ‘किसनराव, खोटं बोललात?’

‘खोटं कसं वहिनी? समाधीत बसल्यालं मानूस. बरेच आसतेल की.’ मग लगेच म्हणाले, ‘मपलं चुकलं. पन तुमी तिथं असत्या तर तुमच्याबी तोंडातून गेलं नसतं. त्येच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.’

‘का? काय होतं तोंडावर?’ मी विचारलं.

‘कायबी नव्हतं. हासायलता.’

‘गळ्यात लिंग हाय का त्येच्या?’ अव्वानं विचारलं.

‘सदरा व्हता वहिनी अंगात. कसं दिसंल?’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला परत सांगते, कारण ते बरोबर आहे की नाही ते तुम्हीच सांगू शकाल. म्हणाले, एक म्हातारा नट गादीवर बसला होता. तुम्ही त्याला वर बघ म्हणालात. त्यानं बघितलं. तुम्ही म्हणालात, नाही. पुन्हा. नाही. मग नटानं विचारलं, साहेब, मी कामून बघायलो ते तर सांगा. (किशनरावांनी नटालाही आपलीच बोली दिली आहे.) तुम्ही दिव्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, उजेड तिकडे आहे म्हणून. सगळे हसले. नव्या कॅमेरामननं दिवा सरकवला, तो तुम्ही पुन्हा स्वतः सरकवलात, मग त्यानं तोंड पाडलं. चहाची वेळ झाली म्हणून काम थांबलं.

कॅमेरा चालवत होतात तोवर माणसानं का बघितलं हे कळायची तुम्हाला कधी गरज लागली नाही. कुठे उभा आहे एवढं पुरत होतं. आता ती लागतेय असं दिसतं.

तर किशनरावांनी सांगितलेलं खरं नाही. अप्पा बरे नाहीत, अप्पा नाहीत. तुम्ही चित्र करताय, तुम्हाला वेळ नाही, हे समजू शकते. येता येत नाही असं लिहा. ते मी अव्वाला वाचून दाखवीन. अप्पांना नमस्कार सांग हे मला आता वाचून दाखवता येत नाही, आणि गाळलं तर ती ओळखते. माझा आवाज कुठे उडी मारतो ते तिला कळतं.

चन्नबसम्मा


वालूर, २२ ऑगस्ट १९४६

अण्णांना,

समाधीवरची माती बसली. मध्ये खळगा पडून पाणी साचलं होतं. कडूबाईचा मुलगा मुंजाजी पाट्या भरून मुरूम टाकून आला. पुन्हा बसेल. अव्वा रोज बेलपत्र ठेवायला जाते आणि आल्यावर त्या दगडाकडे बघत पाय धुते. काल गावातली कमलबाई तिला म्हणाली, ‘गौराबाई, लेक हाय की घरात, ठिवू द्या की तिला दगुड. का मुंबैहून हात यायची वाट बघता?’ अव्वा म्हणाली, ‘लेक लेकीच्या जागी.’ मी आत होते. ऐकलं.

तुमचं पत्र आलं. या वेळी त्यात एकच प्रश्न आहे: ‘तुझ्यासमोर बसले होते तेव्हा अप्पा कोणाकडे बघत होते? नीट आठवून लिही. माझं काम त्यावर अडलंय.’

तुमचं काम अडलंय. बरं.

कोणाकडेच बघत नव्हते. डोळे मिटलेले होते. हे मी आधी लिहिलं आहे. जे लिहिलं नव्हतं ते आता लिहिते, म्हणजे हा विषय संपेल.

अप्पांचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता. असणार कसा? मला समोर ठेवायला काहीतरी पाहिजे होतं. मिटलेल्या पापणीवर मनानं बुबुळ काढलं तर ते बाहुलीसारखं दिसतं. दोनदा काढून दोन्ही प्रिंट फाडल्या. मग अव्वा म्हणाली, बाप-लेकाचे डोळे एकच, त्याचा घे. तुमचा कोल्हापूरचा फोटो आहे, कंपनीच्या फाटकाशी काढलेला, तो भिंगाखाली ठेवून मी डोळे उतरवून घेतले. त्या फोटोत ऊन उजवीकडून आहे. ठिपका उजवीकडे गेला तो त्यामुळे. उजव्या पापणीवर स्टुडिओतल्या आर्कच्या दिव्याची ठिणगी उडून पडलेला डाग आहे तुमच्या. तेवढा मी गाळला.

तेव्हा तुम्हाला पाठवला त्या फोटोत अप्पांच्या तोंडावर तुमचेच डोळे आहेत, आणि ते कंपनीच्या फाटकावर फोटो काढणाऱ्याकडे बघतायत. तो कोण होता ते तुम्हाला माहीत. नटाला तसं सांगा.

चन्नबसम्मा


वालूर, ६ डिसेंबर १९४६

अण्णांना,

हे कार्ड आहे. याला पान नाही, पाकीट नाही, म्हणजे काही हरवायला नको. अप्पा वारले. याशिवाय या कार्डात काहीही नाही.

चन्नबसम्मा


वालूर, १७ जानेवारी १९४७

अण्णांना,

‘कार्ड मिळालं. थंडी पडली असेल, अप्पांना जप.’

मी हे अव्वाला वाचून दाखवलं. वाचणारच नव्हते, पण पोस्टमन दिनकरराव तिच्याच हातात देऊन गेले आणि तिनं उघडून माझ्यासमोर धरलं. ऐकून म्हणाली, ‘घोंगडी टाकते मन त्येला.’

‘कोणावर?’

‘समाधीवर. पोरगं मनायलंय तर.’

आणि खरोखर अप्पांची घोंगडी घेऊन गेली. मी अडवलं नाही. आता माझ्या घरात दोन माणसं अशी आहेत, एक इथे आणि एक मुंबईला, आणि मी मधे पत्रं वाचणारी. कधीकधी मला माझंच खरं वाटत नाही. त्या फोटोची मूळ काच, निगेटिव्ह, काढून बघते. काचेवर डोळे मिटलेले आहेत. काचेला मी हात लावला नव्हता, प्रिंटला लावला होता. म्हणजे मी बरोबर आहे. बरोबर असून काय करायचं ते कळत नाही.

मी तिसरी शक्यता लिहिली नव्हती. तुमचं डोकं फिरलं असेल, ही ती. पण डोकं फिरलेला माणूस तुरटीचं प्रमाण बरोबर लिहीत नाही.

यापुढे मी अप्पांबद्दल काही लिहिणार नाही.

चन्नबसम्मा


वालूर, १४ मे १९४७

अण्णांना शरणार्थ.

तुमचं चित्र परभणीला लागलं. किशनरावांनी सेलूच्या स्टेशनावर जाहिरात पाहिली. नाव मोठं, म्हणाले, नटीच्या खालोखाल. अव्वा येते म्हणाली. तिनं कधी सिनेमा पाहिलेला नाही. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, ‘हे बी हाडावरच का?’

‘हो.’

‘बरं. आता निघालोच हाव.’

बायकांची जागा पडद्याआड होती. दिवे विझल्यावर तो आडपडदा बाजूला सारतात. अव्वानं पदर डोक्यावरून नीट घेतला, देवळात घेते तसा.

चित्राबद्दल मला लिहायचं आहे ते आधी लिहिते. गाणी फार आहेत. मधला विनोदी वाणी तुमचा वाटत नाही, कंपनीच्या शेठनं घालायला लावला असेल. मुलगा नाटक कंपनीबरोबर पळून जातो तो भाग लांबला. नव्या कॅमेरामनचं काम स्वच्छ आहे, पण तो बाहेरच्या उन्हाला घाबरतो. घरातले प्रसंग सगळे तुमच्या हाताचे दिसतात. दुकान, गादी, गादीमागची खुंटी. खुंटीला काही टांगलेलं नाही. मी ती बघत राहिले.

मग मुलगा परत येतो. दार पडद्यावर डावीकडे आहे, उजेड दारातून डावीकडून येतो, म्हाताऱ्याची डावी बाजू उजळलेली, उजवी अंधारात. सगळं बरोबर. म्हातारा मान खाली घालून बसलेला. मुलगा उंबऱ्यात थांबतो. म्हातारा डोळे वर करतो, आणि तिथं तुम्ही नुसत्या डोळ्यांचा क्लोजअप घातला आहे.

त्यात उजेड उजवीकडून आहे.

आधी मला वाटलं, चूक. लगेच वाटलं, अण्णांची चूक नव्हे. तोपर्यंत डोळे पडद्याएवढे झाले होते आणि उजव्या पापणीवरचा डाग दिसला. मी गाळलेला.

शेजारची बाई तिच्या जावेला म्हणाली, ‘अगं बाई, म्हाताऱ्याचे डोळे किती तरणे हायत!’

अव्वा माझा हात धरून होती. म्हणाली, ‘हे तुपल्या अप्पाचे न्हाईत. बसवराजचे हायत.’

‘हो.’

‘तू काढलेले?’

‘नाही. त्यांचेच. खरे.’

तोवर पडद्यावर मुलगा बापाच्या पायाशी बसला होता आणि सारंगी सुरू झाली होती. अव्वानं पुढचं बघितलं नाही. पदराआडून मला म्हणाली, ‘मंजी त्येनं वाचलं व्हतं म्हन की समदं.’

बाहेर आल्यावर किशनरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले धुरळा लय हाय. गाडीत अव्वा खिडकीशी बसली होती. पेडगाव गेल्यावर म्हणाली, ‘उद्या दगुड ठिवू.’

मी म्हटलं, अण्णा येतील आता. चित्र झालं आहे.

‘येईल का न्हाई, मला काय म्हाईत? तुला तरी म्हाईत हाय का?’

मला माहीत नव्हतं.

‘मंग? डोळे त्येचे, हात तुपला. फोटूत बी तसंच झालतं ना? तवा कोन काय मनलं?’

सकाळी आम्ही तिघं गेलो, अव्वा, किशनराव आणि मी. कडूबाई मागाहून भाकरी घेऊन आली. स्वामींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना विचार करावा लागला असता, असं अव्वाचं म्हणणं. दगड किशनरावांनी खांद्यावरून आणला, मला फक्त शेवटी हात लावायचा होता. पण अव्वानं त्यांना सोडायला लावलं. तो सगळा भार माझ्या हातावर आला आणि मी तो खाली ठेवला. डाव्या हाताचं बोट थोडं चेचलं. ओट्याचं बाकी काम गवंडी करतोय.

आता माझं. मी यावर बराच विचार केला आहे आणि एवढ्यापर्यंत पोचले आहे.

आम्ही अप्पांची मान उपरण्यानं खुंटीला बांधली होती, ती पडू नये म्हणून. फोटोपुरती आणि मिरवणुकीपुरती. खड्ड्यात उतरवताना स्वामींनी ते उपरणं सोडलं. तुम्ही दीड वर्षं तेच धरून होतात, चित्र पुरं होईपर्यंत. अप्पा गेले असं एकदा लिहून टाकलं असतं तर तुमच्या म्हाताऱ्याला वर बघायला कोणी उरलं नसतं. नटाला कारण सांगता येईना, तेव्हा तुम्ही स्वतः जाऊन बसलात. हे बरोबर असेल. किंवा हे मी तुमच्या बाजूनं जुळवलेलं असेल.

कारण दुसरंही खरं आहे. अव्वा थंडीत समाधीवर घोंगडी टाकून आली, ती तुमच्या एका ओळीसाठी. ती ओळ लिहिताना तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्हाला अप्पांची क्षमा पाहिजे होती की शॉट पाहिजे होता, हे मला कळत नाही. चित्र पाहिल्यावर कळेल असं वाटलं होतं. उलट झालं. त्या डोळ्यांत मला जे दिसलं ते खरं होतं, आणि ते तुम्ही दिवा लावून मिळवलेलं होतं. या दोन्ही गोष्टी एका जागी कशा राहतात ते मला शिकवलेलं नाही.

तुम्ही विचारलं होतं, अप्पा कोणाकडे बघत होते. मी लिहिलं, कोणाकडेच नाही. ते बरोबर होतं आणि अजूनही बरोबर आहे. पण एक गोष्ट मी लिहिली नव्हती, कारण ती फोटोची नव्हती. ताप आल्यावर अप्पांनी गादी हलवायला लावली. नेहमीची जागा तिजोरीशी होती. तिथून उचलून त्यांनी ती मधल्या खांबाशी टाकायला सांगितली. अव्वा म्हणाली, इथं वारं लागतंय. ते म्हणाले, ‘लागू दे. हितून सेलूची वाट दिसतीय.’ माल यायचा होता असंही असेल. मी विचारलं नाही.

तुम्हाला पूर्वी पाठवलेला फोटो फाडून टाका किंवा ठेवा. सोबत त्याच काचेवरून नवी प्रत काढून पाठवते. डोळे मिटलेले आहेत. हिला मी हात लावलेला नाही.

चन्नबसम्मा